कानात होतं म्हणून

एकाच घरात दोन जावा. खाली थोरली, वर धाकटी, स्वयंपाकघर मात्र दोघींत एकच, तेही खालीच. थोरली घरी शिवणकाम करायची, धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. पळण्याचं वेड आधी लागलं ते धाकटीला. दिवसभर यंत्राची घरघर ऐकून तिचे कान किटायचे, म्हणून सकाळी कानात गाणी लावून ती धावायला निघायची. "ठेका एकदा पायात उतरला ना, की दम लागतच नाही," असं ज्याला त्याला सांगायची.

थोरली तेव्हा हसायची. मग गुडघे कुरकुरतात म्हणून डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं. ती चालायला लागली, चालता चालता पळायला लागली आणि वर्ष सरायच्या आत धाकटीच्या पुढे निघून गेली. गाणी नाहीत, भारी बूट नाहीत, काही नाही. धाकटीनं ते वरवर हसण्यावारी नेलं. पण कुसळ डोळ्यात गेल्यासारखं ते सलत राहिलं.

दोघी ज्या गटात धावायच्या तो शाळेच्या मैदानावर जमायचा. गटाचे मास्तर त्याच शाळेत खेळ शिकवत. त्यांचा गाण्यांवर भारी राग. "कान मोकळे हवेत," ते म्हणायचे. "मागून गाडी आली, कुणी हाक मारली, तर कळायला नको?" त्यांच्याशी वाद घालणारे दोघंच. एक धाकटी, आणि दुसरा बसचा ड्रायव्हर. कानांवरच्या मोठ्या हेडफोनमधून त्याची गाणी शेजारच्यालाही फुकटात ऐकू यायची, म्हणून सगळे त्याला 'बाजा' म्हणत. "मास्तर, आठवडाभर हॉर्न ऐकतो मी," बाजा म्हणायचा. "एवढा तास तरी माझा मला राहू द्या. गाणं बंद केलंत तर माझे पायही बंद."

गटाच्या शर्यतीच्या दिवशी थोरली सुरुवातीलाच जोरात सुटली आणि चढावर दमली. नदीवरच्या पुलाशी धाकटीनं तिला गाठलं, मागेही टाकलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. आणि नेमकं तिथंच कानातलं गाणं मध्येच तुटलं. चार्जिंग संपलं होतं. इअरफोन काढून ठेवायचे कुठे, म्हणून तिनं ते कानातच राहू दिले.

थोड्या वेळानं मागे काहीतरी धप्पकन पडलं.

"आई गं!" मग लगेच, "अगं थांब! अगं, माझा हात! थांब ना!"

आवाज थोरलीचा. स्वच्छ ऐकू आला. धाकटीची पावलं अडखळली. आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, कानात आहे की आपल्या. ऐकू आलं नाही असंच वाटेल सगळ्यांना. हा विचार आपल्याला सुचला तरी कसा, हे तिला पुढे कधी उमगलं नाही. पण सुचला खरा, आणि त्यामागोमाग पायांनी वेग घेतला.

गटातल्या बायकांत ती पहिली आली. गळ्यात पदक पडलं, फोटो निघाले. बऱ्याच वेळानं लांबून बाजा चालत येताना दिसला. थोरलीला त्यानं आधार दिला होता, स्वतःच्या शर्टाची झोळी करून तिचा हात त्यात बांधला होता. गळ्यात लटकलेल्या हेडफोनमधून त्याचं गाणं अजून वाजतच होतं. त्याला काही ऐकू आलं नव्हतं; रस्त्यात कुणी बसलंय हे दिसलं म्हणून तो थांबला होता.

मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर झालं.

"तिला कुठलं ऐकू येणार?" विचारायला येईल त्याला थोरली स्वतःच सांगायची. "कानात गाणी होती बिचारीच्या. नाहीतर धावत आली असती."

धाकटी रोज तिची वेणी घालायची, गुंड्या लावायची, दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. "किती करशील गं," थोरली म्हणायची, आणि धाकटीला वाटायचं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. रोज सांगायचं ठरवायची, रोज उद्यावर टाकायची.

मग मास्तरांनी शाळेच्या हॉलमध्ये बैठक बोलावली; थोरलीही आली होती. सरावात आणि शर्यतीत गाणी बंद, असा नियम करायचा होता. "याहून मोठा पुरावा काय हवा?" मास्तर म्हणाले. "सख्खी जाऊ ओरडतेय आणि ऐकू गेलं नाही."

बाजा मान खाली घालून बसला होता. एरवी एवढा वाद घालणारा माणूस, त्या दिवशी एवढंच म्हणाला, "बरोबर आहे. मग मी उद्यापासून येत नाही. तुम्ही चालू द्या."

धाकटी उठून उभी राहिली.

"गाणं बंद होतं," ती म्हणाली. "चार्जिंग संपलं होतं माझं. मला वहिनींची हाक ऐकू आली होती."

बाजा हळूच म्हणाला, "ताई, बसा खाली."

नियम बारगळला. एक कान मोकळा ठेवा, आवाज लहान ठेवा, एवढ्यावर भागलं. थोरली कुणाशी न बोलता निघून गेली.

धाकटी घरी आली तेव्हा थोरली शिलाई मशीनशी बसली होती. एका हातानं काय शिवणार? नुसतीच बसली होती.

"वहिनी, चुकलं माझं. माफ करा."

"चुकलं ते चुकलंच," थोरली म्हणाली. "पण तिथं कशाला सांगितलंस? इतके दिवस माझी वेणी घालत होतीस. तेव्हा मी एकटी होते ना समोर?"

थोरलीनं एका हातानं मशीनवर कापड ओढलं.

"तिथं सगळे तुझ्याकडे बघत होते. किती खरी बाई, म्हणत असतील. आणि मी? गावभर तुझी वकिली करत फिरलेली मूर्ख. माझ्याकडे कोण बघत होतं गं?"

हे धाकटीच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुलावरही थोरलीचा विचार केला नाही, आणि हॉलमध्येही नाही. आपण शहाणपणा केला असं जे थोडंफार वाटत होतं, तेही गळून पडलं.

दुसऱ्या दिवसापासून थोरली विस्कटलेल्या केसांनीच वावरायला लागली. वेणी घालू दिली नाही. कामापुरतं बोलायची, तेही भिंतीकडे बघून.

प्लॅस्टर निघालं, हात बरा झाला, थोरली पुन्हा धावायला येऊ लागली. धाकटी कानात काही न घालता तिच्या मागे-मागे राहायची, ना पुढे ना बरोबर. थोरलीनं ते काही दिवस सहन केलं. एका सकाळी मैदानाच्या वळणावर ती एकदम थांबली.

"ही काय राखण चालवलीस माझी? पळायचं तर नीट पळ. आणि घाल तुझं ते कानात. नुसती तुझी धाप ऐकून डोकं उठलंय माझं."

"आणलंच नाही."

"मग बोल काहीतरी."

दोघी पुन्हा निघाल्या, या वेळी शेजारी-शेजारी. धाकटीचे माफीचे सगळे शब्द वापरून संपले होते.

"स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय," ती शेवटी म्हणाली.

"मी खालीच झोपते," थोरली म्हणाली. "मला रात्रभर ऐकू येतं."

आणि तिनं वेग वाढवला.