सोफ्याच्या पोटातला शेरा

सोफे शिवणाऱ्या कारागिरांची एक जुनी खोड आहे. कापड ताणून खिळे मारण्याआधी आतल्या लाकडावर पेन्सिलीनं दोन शब्द लिहून ठेवायचे. पुढेमागे जो दुसरा कारागीर हा सोफा उघडेल, त्याच्यासाठी. ‘इथे वाळवी होती.’ ‘हा पाय नवा.’ गिऱ्हाइकाला या पत्रव्यवहाराचा पत्ता नसतो, आणि नसलेलाच बरा.

आपले मिस्त्री या बाबतीत जरा सढळ हाताचे. एका गिऱ्हाइकानं आधी हिरवं कापड पसंत केलं, मग निळं. निळं लावून झाल्यावर मान वाकडी करून म्हणालं, “हिरवंच बरं होतं, नाही?” मिस्त्री तोंडानं “हो साहेब” म्हणाले आणि सोफ्याखालचं काळं कापड ठोकण्याआधी आतल्या पट्टीवर ठसठशीत लिहून मोकळे झाले: ‘मालक डफर आहे.’ मूर्ख लिहिलं तर शिवी होते, इंग्रजीतून लिहिलं की नुसता शेरा, असा त्यांचा हिशेब.

आता इतक्या वर्षांनी त्याच डफरच्या मुलाशी मिस्त्रींच्या लेकीनं लग्न ठरवलं होतं. पोरगी घरभर गुणगुणत हिंडत होती. इतकी खूश तिला बापानं कधी पाहिली नव्हती. अशात होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. “लग्नाआधी सोफ्याचं कापड बदलून टाकू. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?”

मिस्त्रींना पट्टीवरचा शेरा आठवला. “दुकानात पाठवून द्या ना.”

“छे, इथेच करा. मला बघायला मजा वाटते.”

निघताना बायकोनं बजावलं, “तिथे जिभेला लगाम घाला. तुमच्या तोंडापायी पोरीचं लग्न मोडलं, तर घरात घ्यायची नाही मी.” जिभेला लगाम घालता येतो हो, पण पेन्सिलीनं आधीच बोलून ठेवलेलं कुठे गिळायचं?

व्याही खुर्ची ओढून अगदी शेजारी बसले. मिस्त्रींनी पाणी मागून पाहिलं, तर भरलेला जग हाताशीच होता. “फार धूळ उडेल, तुम्हाला सोसायची नाही,” म्हणाले, तर व्याह्यांनी नाकाला रुमाल बांधला आणि खुर्ची आणखी पुढे सरकवली.

शेवटी मिस्त्रींनी सोफा उलटा केला, त्यांच्याकडे पाठ केली, खालचं काळं कापड थोडंसं उसवलं आणि ओला बोळा घेऊन डोकं आत घातलं.

‘मालक डफर आहे.’ जसंच्या तसं. आणि त्याखाली निळ्या पेनानं, बारीक नेटक्या अक्षरात: ‘मान्य. पण डाव्या कोपऱ्यातली स्प्रिंग टोचते, तिचं काय?’

मिस्त्रींचं डोकं बराच वेळ आतच राहिलं.

“चष्मा पडला होता हो आत, पहिल्याच वर्षी,” बाहेरून व्याह्यांचा आवाज आला. “खालचं कापड सोडवून काढायला गेलो आणि वाचलं. चुकीचं काय त्यात? हिरवं की निळं, मी अजून घोटाळतो.”

“मग बोलला का नाहीत?” मिस्त्री आतूनच म्हणाले. “निदान स्प्रिंगसाठी तरी दुसरा कुणी बोलवायचा!”

“दुसऱ्याला तुमची स्प्रिंग सुटलेली दिसली असती. चांगल्या कारागिराचं नाव कशाला घालवायचं? मी आपला उजवीकडे बसतो.”

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आपली पोर कुठल्या घरात चाललीय ते कळलं, आणि डोळे भरून आले. धूळ खरंच फार होती, तेवढी सोय झाली.

त्यांनी स्प्रिंग ओढून घट्ट बांधली. मग कानामागची पेन्सिल काढून निळ्या अक्षरांखाली लिहिलं: ‘स्प्रिंग बसवली. आपला, दुसरा डफर.’ व्याह्यांनी वाकून वाचलं आणि रुमालाआड खुदखुदले.

सोफा सरळ करून मिस्त्रींनी विचारलं, “बोला, कापड कुठलं लावू?”

व्याह्यांनी मान वाकडी केली. “हिरवं... म्हणजे तसं निळंही...”

“दोन्ही आणलीत,” मिस्त्री म्हणाले. “आधी डावीकडे बसून बघा. मग सावकाश ठरवा.”