पाव फेऱ्याचा मानकरी

मित्रांनो, गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या ओळीच्या शेवटी, दोन ठिकाणी वाकलेला एक लोखंडी दांडा टांगला आहे. तो मी. एका जुन्या मोटारीचे हँडल.

माझे काम सोपे होते. गाडीच्या नाकाखालच्या भोकातून मला आत सरकवायचे, खाच सापडली की एक जोरदार फेरा मारायचा. मग इंजिन खोकत खोकत जागे होई. गाडीचे मालक भाऊ. ते जमिनीची मोजणी करायचे. रोज सकाळी ते मला हातात घेत, अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवत आणि म्हणत, "चल गड्या!" अंगठ्याचा तो नियम फार महत्त्वाचा. इंजिन कधीकधी उलटा झटका देते. अंगठ्याने मला वेढा घातलेला असेल, तर हात वेळेवर सुटत नाही.

एका सकाळी भाऊ घाईत होते. अंगठा चुकला, मी उलटा फिरलो आणि त्यांचे मनगट मोडले.

त्यांची थोरली बहीण, ताई, म्हणाली, "तो मेला दांडा आधी भंगारात घाल." भाऊंनी मला भंगारात घातले नाही, पण गाडीला सेल्फ बसवून घेतला. बटण दाबले की ही विजेची छोटी मोटार फिरते. तिच्या टोकाचे लहान चाक इंजिनामागच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांत अडकते आणि इंजिन फिरवते. ना घाम, ना अंगठ्याची काळजी. मला गोणपाटात गुंडाळून डिकीत टाकले.

खरे सांगतो, माझा नुसता जळफळाट झाला. रोज सकाळी सेल्फ खर्रर्र करी, इंजिन सुरू होई आणि भाऊ म्हणत, "वा रे पठ्ठ्या!" इतकी वर्षे भाऊंचा गडी मी होतो. हा कालचा पोर, अंगाला गंजाचा एक ठिपका नाही, आणि म्हणे पठ्ठ्या!

बरीच वर्षे गेली. मग एक दिवस सेल्फ किंचाळला. दात करकरावेत तसा आवाज आला, पण इंजिन जागचे हलेना. भाऊंनी मला डिकीतून काढले, मला लावून इंजिन पाव फेरा फिरवले आणि पुन्हा बटण दाबले. गाडी सुरू!

"बघ, चालला की नाही माझा पठ्ठ्या!" भाऊ म्हणाले.

पाव फेरा माझा, शाबासकी त्याची!

पुढे हे वारंवार होऊ लागले. सेल्फ किंचाळला, की भाऊ हट्टाने तीन-चारदा बटण दाबत आणि मगच मला बोलावत. शेवटी सेल्फच बिघडला असे ठरवून त्यांनी नवा आणला. जुना भंगारात गेला, त्या दिवशी मी मनातल्या मनात नाचलो. महिन्याभरात नवाही किंचाळला. तेव्हा तर मी गोणपाटात हसून हसून लोळलो.

पण आता भाऊंचा खांदा आखडला होता. ताईने कंबरेवर हात ठेवून सांगितले, "या खांद्याने हँडल मारायचं नाही. बटणावर चालू होत असेल तर ठेव गाडी. नाहीतर रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाक."

"अगं ताई, पण..."

"मनगट झालं. आता खांदा नको."

आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा बोनेटवर हात ठेवून भाऊ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीबाई आल्या. बॅटरी पाहिली, ठीक होती. तारा घट्ट होत्या. मग त्यांनी सेल्फ खोलून बाहेर काढला आणि थेट बॅटरीला जोडला. तो भिंगरीसारखा फिरला.

"याला कशाला शिव्या देताय, भाऊ? हा धडधाकट आहे."

"मग किंचाळतो कशाला?"

"हँडलने पाव फेरा दिला की चालतो ना? त्या पाव फेऱ्यात सेल्फ काही बदलत नाही. बदलतं ते मागचं चाक. दुखणं तिकडे असणार."

त्यांनी इंजिनाचे प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन हलके फिरते आणि झटकाही देत नाही. सेल्फच्या रिकाम्या जागेतून त्यांनी टॉर्च मारला. "ताई, हँडल तुम्ही फिरवा. अगदी हळू."

"मी? त्या मेल्याला मी हात लावणार नाही!"

"मग गिऱ्हाईकाला फोन करा."

ताईने मला धरले.

"अंगठा! ताई, अंगठा!" भाऊ ओरडले. ताईने अंगठा निमूटपणे बोटांच्या बाजूला घेतला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात पाप आले. दोष सापडला, की सेल्फ निर्दोष ठरणार आणि माझी गरज कायमची संपणार. माझे टोक झिजलेले होते. खाचेतून दोनदा निसटलो असतो, तर ताईने मला फेकूनच दिले असते. पण मग रविवारी गाडीही गेली असती. मला भाऊंचा बोनेटवरचा हात दिसला. मी खाच घट्ट धरली.

"थांबा!" मिस्त्रीबाईंनी खडूने खूण केली. "हे बघा, इथले दाते पार बोथट झालेत." अर्ध्या फेऱ्यावर दुसरी खूण झाली. "या गाडीचं इंजिन बंद होताना बहुतेक या दोनच जागी थांबतं. म्हणजे सेल्फचा मार रोज त्याच दात्यांवर. त्यात किंचाळल्यावरही तुम्ही बटण दाबत राहिलात!"

भाऊंनी मान खाली घातली. "आणि मी त्या बिचाऱ्या जुन्याला भंगारात घातलं."

ते ऐकून माझा नाच मला आठवला. फार लाज वाटली.

मिस्त्रीबाईंनी चार दिवस खपून फ्लायव्हील बाहेर काढले. त्याच्यावरची दात्यांची रिंग तापवून सोडवली, पाव फेरा पुढे सरकवली आणि गरम असतानाच पुन्हा चढवली. गार होताच ती घट्ट बसली. आता सेल्फसमोर चांगले दाते येणार होते.

रविवारी बटण ताईने दाबले. एकदाच. गाडी सुरू झाली. सेल्फ किंचाळतो का, म्हणून मी कान टवकारले होते. ते विसरून मी इंजिनाचा आवाजच ऐकत राहिलो. दारात आलेले गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेले.

"वा रे पठ्ठ्या!" भाऊ म्हणाले. अर्थात सेल्फला.

मग ताईने मला गोणपाटातून काढले, तेलाच्या फडक्याने पुसले आणि या खिळ्याला टांगले. "असू दे," ती म्हणाली, "खरं दुखणं यानेच दाखवलं."

तेव्हा मित्रांनो, यंत्र ओरडले तर आधी थांबा, नीट ऐका आणि मगच दोष द्या. वर्षातून एकदा मलाही तेलाचा हात लावा. आणि मला उचलाल तेव्हा अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. सेल्फचे कौतुक ऐकले, की मला अजून थोडा झटका येतो.