ओलीला पाय नसतात

"वास घेतायत की डुलकी काढतायत?" हमाल तोंडातल्या तोंडात पुटपुटला. पोत्यात डोकं घातलेल्या दादाला ते ऐकू गेलं नाही. पण शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीला गेलं. तिने हमालाकडे असं पाहिलं, की तो गडी उगाच रिकामं पोतं झटकायला लागला.

दादाने डोकं वर काढलं. नाकाच्या शेंड्याला भरडा चिकटलेला. "स्वच्छ आहे," तो म्हणाला आणि चिठ्ठीवर सही ठोकली.

पशुखाद्याच्या त्या गोदामात दादाचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. सोंडे, पोरकिडे असले धान्यातले किडे चाळणीत कुणालाही दिसतात. माइट मात्र धुळीच्या कणाएवढे, डोळ्यांना सहज चकवणारे. भरड्यात ते माजले की हलकासा पुदिन्यासारखा वास सुटतो. बहीण इथल्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा दादानेच तिला तो ओळखायला शिकवला होता. "चिमणे, पोत्यातून पुदिना दरवळला तर खूश होऊ नकोस हं. चटणी नाही, आपली चटणी होते!"

गेल्या थंडीत त्याला मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर एकदा घरी दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं, आणि हा शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेला.

"लक्ष नव्हतं त्यांचं," वहिनी म्हणाली.

"नसेलच," बहीण म्हणाली. दोघींनी मिळून पातेलं घासलं आणि विषयही त्याच पाण्याबरोबर मोरीत सोडून दिला.

पुढे दोन खेपा दादाच्या सहीने पास झाल्या आणि बहिणीच्या टेबलावर नापास. दोन्ही वेळा तिने 'ओल जास्त' असं लिहिलं. ओल होतीही, पण अर्धं खरं लिहिताना हाताला जास्त घाम सुटतो. माइट लिहिले असते तर मालकांनी पहिला प्रश्न केला असता, मग नाक काय करत होतं? नाक गेलं की दादाचं गोदाम गेलं. आणि सुट्टीच्या दिवशीही कुलूप ओढून बघायला येणारा माणूस गोदामाशिवाय घरी बसून करणार तरी काय?

आजचा माल मात्र वासरांसाठी होता. असलं खाद्य पोटात गेलं की वासरं हगवणीने पार झिजतात. गाडी दुपारीच निघणार होती.

नमुन्याची पिशवी टेबलावर येऊन पडलेलीच होती. खरं तर दहा खेपांमागे एक नमुना, असा नियम. पण कित्येक महिने दादा प्रत्येक खेपेची पिशवी आणून ठेवत होता. "मला काय दहा हात आहेत?" ती करवादायची. "बघून टाक गं," एवढंच म्हणून तो निघून जायचा.

तिने पिशवीचं तोंड सोडलं. पुदिना.

चाळून खाली पडलेलं पीठ तिने काळ्या कागदावर ओतलं, काचेच्या पट्टीने दाबून आरशासारखं गुळगुळीत केलं आणि दारातून हाक मारली, "दादा, चहा घ्यायला ये."

तो आला. कप हातात घेऊन दोघं कागदाकडे बघत बसले. पाव तासात त्या गुळगुळीत पिठाला बारीक चिरा गेल्या. एका कडेचं पीठ घसरलं. कुणी बोट लावलं नव्हतं, पंखाही बंद होता.

दादाने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ओल जास्त असेल," बहीण घाईघाईने म्हणाली.

"ओलीला पाय नसतात, चिमणे."

त्याने खिशातून सकाळची चिठ्ठी काढली, सहीवरून फाडली आणि खिडकीतून हमालाला ओरडून सांगितलं, "माल उतरव रे! सगळा!" मग परत येऊन खुर्चीत बसला.

"रोज कुरकुरतेस, पण प्रत्येक खेपेची पिशवी का आणतो, ते कधी विचारलं नाहीस."

त्याने पिशवी नाकाशी धरून छाती भरून श्वास घेतला. मग कपही नाकाशी नेला, आणि दोन्ही सावकाश खाली ठेवले.

"मला वास येत नाही गं," दादा म्हणाला. "तापापासून. कशाचाच नाही. चहाचासुद्धा."