मंजुळेचं पुढं काय झालं

पडघ्याच्या चांगुणाबाईनं एक वाक्य उच्चारलं आणि जोहराच्या तोंडातला गूळ खाली पडला. बाकीच्यांच्या तोंडात काही नव्हतं, म्हणून आमची तोंडं नुसतीच उघडी राहिली. पण त्या वाक्यापर्यंत कशा पोचलो ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बायकांना तोंड उघडायला निमित्त कुठं लागतं.

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद. बाकीचे दिवस आमच्या गल्लीत शेजारणीनं कानाशी येऊन सांगितलं तरी ‘काय?’ असंच विचारावं लागतं. दोन्ही बाजूंना कारखाने, मधे आमच्या खोल्यांची रांग. फळीवरची भांडीसुद्धा खटाखट हलत असतात. त्यामुळं जे काही हळू बोलण्यासारखं असेल ते सगळं शुक्रवारावर पडतं. स्थळांची चौकशी, सुनांच्या चुगल्या, आणि त्या सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला, पुस्तक.

वाचायच्या द्रौपदीबाई. बालवाडीत शिकवून आता घरी बसलेल्या, आवाज खणखणीत, आणि खोटं म्हणून खपायचं नाही. रेशनच्या रांगेत कुणी ‘माझा नंबर पुढं होता’ म्हणालं की बाई साक्षी-पुरावे काढायच्या. मलाही वाचता येतं, मुलांच्या पाटीवरून मी माझी मी शिकलेय. पण माझ्या वेगानं वाचलं असतं तर नायिकेचं लग्न लागेपर्यंत ऐकणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या असत्या. शांताबाई मूळची कोन गावची, राहते आमच्याच रांगेत. तिला अक्षर येत नाही, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नाही, त्यामुळं तिच्याशी भांडायला लोक कचरतात. समोरच्या जोहराच्या नवऱ्याचे थोडे लूम आहेत. लूमच्या चिंध्या तीच आणायची, त्यांच्या गोधड्या शिवत आम्ही ऐकायचो, आणि जोहरा मधेमधे नायिकेला हिंदीतून सल्ले द्यायची. नायिका कधीच ऐकायची नाही.

पाडव्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आमचा वर्षाचा निकाल असे. पाडव्याला गूळ आणि कडुलिंब खातातच, तेच पुढं चालवायचं. आवडतं पुस्तक सांगताना गुळाचा खडा, नावडतं सांगताना लिंबाचा पाला. पाला चावून होईपर्यंतच शिव्या घालायच्या, पुढं एक अक्षर नाही. हा नियम जोहरानं काढला. पहिल्या वर्षी शांताबाईनं एका लेखकाचा पार आजापणजा उद्धरला होता, आणि तोवर सगळ्यांच्या घरचा स्वयंपाक राहिला होता.

पण त्या वर्षी निकालापेक्षा शांताबाईच्या मैनेचीच काळजी जास्त होती. मैना दिवाळीला माहेरी आली ती उजव्या हाताचं बोट फडक्यात बांधून. ‘दारात सापडलं’ म्हणाली. दार कुणी लावलं, हे सांगायला तिला बरेच शुक्रवार लागले. नवरा, नवशा, ट्रक चालवतो. गाडीवर नसला की घरात बायकोवर चालवतो. तरी शांताबाईचं आपलं, ‘दिलेली लेक हाय, चार दिस राहील नि जाईल.’ त्याच शुक्रवारांत आम्ही ‘करंजपाड्याची मंजुळा’ वाचत होतो.

मंजुळाही मैनेसारखीच. सासरी मार, माहेरी कुणी नाही. शेवटी ती गाठोडं उचलते, एस.टी. स्टँडमागं खानावळ काढते. नवरा न्यायला येतो तेव्हा ती त्याला इतर गिऱ्हाइकांसारखंच ताट वाढते, जेवणाचे पैसे घेते आणि म्हणते, ‘उठा आता, पुढच्याला बसू द्या.’ हे वाक्य द्रौपदीबाईंनी वाचलं त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. शांताबाईनं वाजवल्या नाहीत. ती सुई खाली ठेवून म्हणाली, “तिला कोनी नव्हता तरी ऱ्हायली. माजे मैनेला तर मी हाय.” त्यानंतर पडघ्याहून, मैनेच्या सासरहून, निरोप आले, ते तिनं आल्या पावली परत धाडले.

आता सासरची माणसं शेवटचं विचारायला यायची होती. नेमकं त्याच शुक्रवारी. आम्ही ठरवलं, निकाल करायचाच, तोही शांताबाईच्याच खोलीत. रिकामं बसून दाराकडं बघत राहण्यापेक्षा बरं.

“कडू आधी,” शांताबाई पाला तोंडात घालून म्हणाली. “तो भुताचा पुस्तक. घरात मानसं जेवतान, नि यो भायेर दार वाजवतो. परत वाजवतो. अरे, येतोस तर ये, न्हाय तर जा! भुताला कामधंदा न्हाय काय?”

“मेरा वो शायरवाला,” जोहरा म्हणाली. “चांदनी पे इतना लिखा, इतना लिखा, आणि मेला. त्याच्या घरात दळण कोण आणत होतं, ते लिहिलंच नाही!”

जोहरानं गोड पुस्तकासाठी गूळ तोंडात टाकला आणि तेवढ्यात दारात सावली पडली.

चांगुणाबाई. मैनेची सासू. मी तिला मनात केव्हापासून उंच, आडवी, कपाळभर कुंकवाची करून ठेवली होती. ही निघाली माझ्या खांद्याइतकी, हातात नायलॉनची पिशवी, पायात स्लिपर. दाजी, म्हणजे शांताबाईचा मेव्हणा, ज्यानं हे लग्न जमवलं होतं, नवशाला घेऊन नाक्यावर चहाला थांबला होता. बाईमाणसांचं आधी बाईमाणसांनी बोलून घ्यावं म्हणून ही पुढं आली होती.

“बसा, विहीनबाय,” शांताबाई म्हणाली. असं की कुणीही उठून गेलं असतं.

चांगुणाबाई बसली. मी पाणी दिलं. तिच्या घोटाचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. लूम चालू असते तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात त्या एकदाच वाटलं.

तेव्हा मैनाच पुढं सरकली. ताटलीतला गूळ उचलला आणि सासूकडं बघत म्हणाली, “माझं ऱ्हायलंय. गोड पुस्तक, करंजपाड्याची मंजुळा. सगळ्यात गोड. ती खानावळ काढते आनि परत जात न्हाय.”

चांगुणाबाईनं पेला खाली ठेवला.

“मंजुळा तर परत जाते,” ती म्हणाली.

ते हेच वाक्य.

“कुठली खानावळ?” ती पुढं म्हणाली. भांडणाचा सूर नव्हता, उलट गोंधळली होती. “खानावळ न्हाय त्याच्यात. ती परत जाते, सासूच्या पायावर डोकं ठेवते. सासू तिला कुंकू लावते नि म्हनते, दिवा लाव. संपला पुस्तक.”

“तुम्ही वाचलंय?” मी विचारलं.

“पडघ्याचे वाचनालयात कार्ड हाय माजा. चौथी झालेय मी. बाजाराला येते तवा बदलून नेते.” आमची तोंडं बघून तिला राग आला. “का? सासवांना वाचता येत न्हाय?”

एकाच बाईकडून दोन धक्के. आम्ही तिला काय काय म्हटलं होतं, राक्षसीण, कैदाशीण. आणि ती पडघ्यात बसून आमचीच पुस्तकं वाचत होती.

“टीचर,” जोहरा द्रौपदीबाईंकडं वळली, “बोलो ना. ही खोटं बोलते ना?”

द्रौपदीबाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. परत घातला नाही.

“त्या खरं सांगतायत,” बाई म्हणाल्या.

मला एकदम आठवलं. मंजुळेच्या शेवटच्या काही शुक्रवारी बाई वाचत होत्या, पण पान उलटत नव्हत्या. एकाच पानावर बोट ठेवून स्टँड, खानावळ, चूल, ताटं, सगळं होत गेलं होतं. मी समोर बसून ते बघत होते आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नव्हतं. ऐकायलाच इतकं गुंतले होते.

“शांताबाई, त्या दिवशी मैनेनं दाराचं सांगितलं,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “तू रडत होतीस. मी पान उलटलं तर मंजुळा सासूच्या पायावर. माझ्या तोंडातून ते निघेना गं. म्हटलं, आजच्यापुरतं दुसरं काही सांगू. मग पुढच्या शुक्रवारी तुम्ही विचारलंत, पुढं काय झालं. मग सांगतच गेले.”

शांताबाई बाईंच्या समोर सरकली.

“म्हंजे खानावळ न्हाय.”

“नाही.”

“नवरा जेवायला आला, ते?”

“नाही गं.”

“त्याचेकडनं पैशे घेतले, ते पन न्हाय?”

“ते पण मीच.”

या शेवटच्या उत्तरानं शांताबाईचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही बाईंवर हात टाकते. ती उठली, पण गेली फळीपाशी. मैनेची पत्र्याची पेटी खाली ओढली.

“खोट्यावर मी लेक घरात ठिवली,” ती म्हणाली. “सगळ्या कोन गावाला सांगितला मी, मंजुळा ऱ्हायली, मंजुळा ऱ्हायली. जी पुस्तकात होती ती पन परत गेली. मैने, कपडे भर.”

“शांता, वेडी झालीस का?” मी म्हणाले.

“तू गप ऱ्हा, कलावती! तुला तर वाचता येतंय. एकदा तरी बघायचास ना पुस्तकात!”

द्रौपदीबाई भिंतीला टेकून मान खाली घालून बसलेल्या. मैना पेटीजवळ गेली नाही. गूळ अजून तिच्या हातातच होता, चिकट झालेला.

“म्हंजे मंजुळा ऱ्हायलीच न्हाय?” तिनं बाईंना विचारलं.

“नाही, बाळा.”

“मंग कोन ऱ्हायली?”

कुणालाच प्रश्न कळला नाही.

“मी ऱ्हायली ना,” मैना म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटत होतं. “मला वाटं, ती ऱ्हायली म्हनून मी ऱ्हायली. ती तर गेली. मी पुस्तकाचे पन पुढं आली की! आये, आता मागं कशी जाऊ?”

शांताबाईचा हात पेटीच्या कडीवर तसाच राहिला. “लोकं—”

“लोकांना सांग, ते पुस्तक खोटं होतं, माजी लेक खरी हाय.”

जोहरा ‘या अल्ला’ म्हणाली आणि खाली पडलेला गूळ उचलून फुंकर मारून परत तोंडात टाकला. काय करावं ते सुचलं नाही की माणूस काहीही करतं.

चांगुणाबाई ताटलीकडं वाकली. तिनं ताटलीतली लिंबाची डहाळी उचलली. “यो पाला कशाला?”

मी आमचा नियम सांगितला. सांगताना लाज वाटली. पोरीचं आयुष्य टांगलेलं आणि मी पाल्याचे नियम सांगतेय.

तिनं पानं ओरबाडून तोंडात घातली.

“माजा कडू, करंजपाड्याची मंजुळा,” ती म्हणाली. “सगळ्या वर्साचा कडू. लिवनाऱ्यानं तिला उंबऱ्यात आनून सोडली, दिवा लावला नि स्वताची पेन बंद केली. दुसरे दिशी सकाळी काय झालं? ते लिवला न्हाय. ते त्याला म्हाईतच न्हाय. मला इचारावं. मी गेलेली परत. नवशाचे बापाकडं. माजे सासूनं पन कुंकू लावलेला.”

पाला केव्हाच संपला होता. जोहरानं तिला थांबवलं नाही.

“नवशा सात वर्सांचा होता, दारात उभा ऱ्हाऊन बघत. मला वाटं, पोरगा घाबरतो. तो शिकत होता.” तिनं द्रौपदीबाईंकडं पाहिलं. “तुमचा शेवट काय हाय? सांगा मला.”

बाईंनी मान हलवली. एकदा ऐकलेलं न विसरणारी आमच्यात एकच, म्हणून मी शांताबाईकडं बघितलं. शांताबाई पेटीवर बसली. रागानं तिच्या नाकपुड्या फुललेल्या. आणि तशा रागातच तिनं सांगायला सुरुवात केली. स्टँड, मागची पडकी शेड, चुलीचा धूर, पहिल्या दिवशी करपलेल्या भाकऱ्या. एक शब्द इकडचा तिकडं नाही. नवरा येतो तिथं तिचा आवाज बदलला. ताट वाढलं. पैसे घेतले.

“उठा आता, पुढच्याला बसू द्या,” शांताबाई म्हणाली.

चांगुणाबाई हसली. एकदम मोठ्यानं, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. “पैशे घेतले!” ती म्हणाली. “बाय माजे, पैशे घेतले!”

बाहेरून दाजीनं हाक मारली. “झाला का बोलून? पडघ्याला जायचाय!”

नवशा त्याच्या मागं उभा होता, शर्टाची बटणं उघडी, डोळे मैनेवर. मैना आईच्या मागं सरकली, मग पुन्हा पुढं आली.

“चल, मैने,” तो म्हणाला. “पेटी घे.”

चांगुणाबाई उठली, पिशवी काखेत मारली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या डोक्यावरून नवशा दिसत होता, एवढी ती ठेंगणी.

“ती येत न्हाय.”

“ती म्हनाली?”

“ती म्हनालीच. मी पन म्हनतेय.”

“आये, डोकं फिरलं काय तुजं? न्यायला कोन आलेलं?”

“मी आलेली. आता मीच जातेय. गाडीत बस.”

“विहीनबाय,” दाजी घसा खाकरून म्हणाला, “चार लोकांत काय सांगायचं आमी?”

“सांगायचं, सासूनंच माहेरी ठिवली. नाव माजं घ्या, मला काय होतंय.” मग नवशाला म्हणाली, “आनि तू परत हितं आलास तर एकटा येनार न्हायस. मी तुजे मागं येईन नि सगळ्या गल्लीत सांगेन, तुजा बाप काय होता नि तू काय हायस. आजवर कुनाला सांगितला न्हाय मी. आज तोंड उघडलाय.”

नवशा काहीतरी पुटपुटला. मी वाट बघत होते की आता तो हात उचलणार. पण आईनं असं काही बोलावं हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. तो आमच्यासारखाच तोंड उघडं टाकून उभा राहिला. मग दाजीनं त्याच्या दंडाला धरून वळवलं.

चांगुणाबाई त्यांच्या मागून निघाली. शांताबाई अनवाणी धावली. “विहीनबाय! विहीनबाय!” पुढं काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं, नुसती हाका मारत नाक्यापर्यंत गेली. तिथं दोघी काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. आम्ही एवढंच पाहिलं की शांताबाईनं तिला वाकून नमस्कार केला आणि चांगुणाबाई घाबरून दोन पावलं मागं सरली, जणू असं तिच्या पायाशी कुणी कधी वाकलंच नव्हतं.