हळदीची चाल

तार आली तेव्हा मी काकासाहेबांच्या मांडवात बॅगपाईपची पिशवी फुगवत होतो. काकासाहेब आमचे सरपंच. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. बहात्तर सालचा वैशाख. शेवगावहून सायकलवर आलेल्या पोस्टमनने तार माझ्याच हातात दिली.

"इंग्रजीत हाय. गावात वाचनारे तुमी एकटे. बन्सीच्या घरी देऊन टाका," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला.

पलटणीच्या बँडमध्ये पंधरा वर्षं काढली, म्हणून तेवढं इंग्रजी मला येत होतं. विदर्भात चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीत छत कोसळलं होतं. बन्सी आणि त्याचे दोन चुलतभाऊ, गोरक्षनाथ आणि छगन, तिघेही गेले होते. पाऊस झाला नाही म्हणून दिवाळीनंतर गाव सोडलेली माणसं.

समोर पाच सवाशिणी नवरीला हळद लावत होत्या. त्यांत बन्सीची बायको बायडाबाई होती. कुणीतरी तिला डिवचलं, "नाव घे गं. दाल्ला इसरला तुला."

"इसरतोय कशाचा! पर कोळशात पार काळा झाला आसंल. दारात आला तर मीच म्हनन, कोन पाहिजे बाबा?"

बायका हसून हसून वाकल्या. तार मी खिशात घातली.

सांगितलं असतं तर हळद थांबली असती, सरपंचांच्या घरचं कार्य नासलं असतं, असं मी पुढे मनाला सांगत राहिलो. ते खोटं आहे. नवऱ्याकडच्या मंडळींत नगरचे एक निवृत्त सुभेदार होते. पाईप कळणारा माणूस पाच वर्षांनी माझ्यासमोर बसला होता. मला वाजवायचं होतं. मी जलद चाल धरली. बायका नाचल्या. बायडाबाई सगळ्यांत जास्त नाचली. सुभेदारांनी माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी ती मांडवात जेवायला बसली तेव्हा मी तिच्या घरी गेलो आणि तार दाराच्या फटीतून आत सरकवली.

सकाळी ती तार घेऊन माझ्याकडेच आली. "भावजी, बघा बरं काय लिवलंय. येतो म्हनत आसंल."

मी ती पहिल्यांदाच पाहतोय अशी वाचली.

तारेवर आदल्या दिवसाचा शिक्का होता. काकासाहेबांनी तो पाहिला. तेव्हा त्यांनी तार घडी घालून परत दिली. पण दिवाळीत त्यांच्या मुलीचं पहिलं मूल पोटातच गेलं आणि बोलणं सुरू झालं. बायडाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं, सवाशिणीच्या साडीसाठी तिने तार दडवली, विधवेच्या हाताने पोरीला हळद लावली. काकासाहेबांनी मला बोलावून विचारलं, "भिमाजी, तुझ्याकडं तार वाचाया कवा आनली तिनं?"

"दुसऱ्या दिशी सकाळी," मी म्हणालो.

तेवढ्याने तिचा निकाल लागला. दुष्काळी कामावर आम्ही खडी फोडायचो, तिथे बायका तिच्या हातचं पाणी घेईनात.

माझी बायको साळूबाई. तार खिशात जाताना तिने पाहिली होती. "आवं, सांगा की," ती म्हणायची. "तुमचं काय जानार? चार लोकं शिव्या देतील. त्या बाईचं सगळंच चाललंय." मी सांगतो म्हणायचो. माघात ती तापाने अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी तिने स्वतःचं काहीच मागितलं नाही. "बायडाचं तेवढं उरका," एवढंच म्हणाली. मी हो म्हणालो. ती गेली.

वैशाखात वर्ष भरत होतं. ग्रामपंचायतीने शाळेसमोर तिघांच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं. काकासाहेब म्हणाले, "तालुक्याचे सायब येनार हायेत. जवानाला देत्यात तसा मान द्यायचा. पाईप तू वाजव. काय वाजवायचं त्ये तुझं तू ठरव."

पलटणीत कुणी गेलं की वाजवायचो ती संथ चाल मला येत होती. तरी मी बायडाबाईला विचारायला गेलो. तिच्यासमोर उभं राहिलो की आपोआप तोंडून निघेल, असं वाटलं होतं.

ती शेण थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हळदीला वाजवलं हुतं त्येच वाजवा."

"ते लग्नाचं हाय, बायडा. सायब काय म्हनतील?"

"सायबाचा नवरा मेलाय का?" मग हात थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, माझं कोनी ऐकत न्हाई. ते वाजलं म्हंजी त्यास्नी त्यो दिवस आठवंल. मंग मी हुभी ऱ्हाऊन इचारनार हाय, मी कशी नाचत हुते ते तुमी बघितलं ना? दाल्ला मेलाय हे ठाऊक आसलेली बाई आशी नाचती व्हय? तुमी निस्तं वाजवा. बोलायचं माझं मी बोलते."

"वाजवतो," मी म्हणालो. तारेचं तसंच ठेवून घरी परतलो.

त्या दिवशी मी जुना गणवेश घातला. दगडावर तिन्ही नावं कोरली होती. खुर्चीवर साहेब, शेजारी काकासाहेब, मागे त्यांची माहेरी आलेली मुलगी. बायडाबाई शाळेच्या भिंतीला टेकून एकटी बसली होती. मी पिशवी काखेत धरली तशी ती उठली, पदर नीट केला आणि दोन पावलं पुढे आली.

हळदीची चाल वाजली असती तर तिने विचारलं असतं. मग कुणीतरी पोस्टमनला बोलावलं असतं. मी साहेबांकडे पाहिलं, काकासाहेबांकडे पाहिलं आणि संथ चाल सुरू केली.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी चाल बदलेन असं तिला वाटलं असावं. मग ती भिंतीपाशी परत गेली. खाली बसली नाही, तोंड फिरवून घराच्या वाटेला लागली. मी वाजवत राहिलो. एकही सूर चुकला नाही. साहेबांनी डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर शाल घातली.

याला आता आठ महिने झाले. बायडाबाई वाटेत भेटते, भावजी म्हणते, चाल का बदलली हे विचारत नाही. तार हळदीच्या वेळी माझ्या खिशात होती, हे तिला आणि गावाला सांगायचं अजून राहिलं आहे.