युसुफचे कुलूप

४ जानेवारी २००२, शुक्रवार, सकाळचे सव्वाआठ. मोटरहोमच्या, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, पोटाखालच्या पत्र्याचे सहा स्क्रू राजाभाऊंनी काढून बशीत ठेवले, सातवा सैल केला, आणि पत्रा हातात आल्यावर ते तसेच उकिडवे बसून राहिले.

"काय झालं, काका?" रामेश्वर खाली वाकला.

नळांतले पाणी काढून टाकायच्या व्हॉल्व्हवर एक लाल कुलूप होते. त्याला पितळी बिल्ला, आणि बिल्ल्यावर ठोकलेले नाव: युसुफ.

इथे आखातात, मेसईदच्या कारखान्यात, युसुफ अकरा वर्षे राजाभाऊंच्या हाताखाली होता. तिथला नियम असा की ज्याने व्हॉल्व्हला हात लावला त्याने त्यावर आपले कुलूप घालायचे आणि ते त्यानेच काढायचे. पुढे तो अल वक्र्याच्या या घरी ड्रायव्हर झाला, पण सवय गेली नव्हती. मागच्या हिवाळ्यात सौदीच्या उत्तरेला, तुरैफच्या थंडीत, याच गाडीच्या केबिनमध्ये कोळशाच्या धुराने तो गेला. घरच्या थोरल्या मुलाने सर्वांना सांगितले होते, की युसुफ पाणी काढायला विसरला, नळ गोठले, ते वितळवायला त्याने शेगडी पेटवली. कारखान्यात ही गोष्ट नव्या पोरांना धडा म्हणून ऐकवीत. वर्षभर राजाभाऊ एखादा व्हॉल्व्ह बंद करून वळले, की मागून युसुफच्या कोकणी हेलात "झाला, साहेब," असे कुणी म्हटल्याचा त्यांना भास होई.

आता गाडी पुन्हा तुरैफला निघणार होती. ड्रायव्हर रामेश्वर, राजाभाऊंच्या गावचा. फुटलेले पाइप बदलायचे आणि थंडीसाठी नळ कोरडे करायचे, एवढ्यासाठी राजाभाऊंना बोलावले होते.

"पण पाणी गोठून पाइप फुटतोय व्हय?" रामेश्वर हसला. "आपल्याकडं तर उन्हानं फुटतोय."

"पाणी गोठलं की फुगतं. आत थेंब राहता कामा नये. टाकी रिकामी करायची, हा व्हॉल्व्ह उघडायचा, मग हवा मारायची." बोलता बोलता त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला. "आणि बघ, दांडा पाइपाच्या रेषेत आहे. म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच आहे."

"मग त्यानं पाणी काढलंवतं की!"

"गोठल्यावरही उघडला असेल. पाइप तपासल्याशिवाय बोलू नये."

तपासायचे तर व्हॉल्व्ह बंद करायला हवा, आणि बंद करायचा तर कुलूप कापायला हवे. रामेश्वरने कटर पुढे केला. राजाभाऊंनी तो घेतला नाही. त्यांनी टोपी काढली, उभे राहिले, आणि घराच्या दिशेला तोंड करून मोठ्याने हाक मारली.

"युसुफ!"

रामेश्वरच्या हातातला कटर खाली आला. "काका, आवो काय करताय?"

"दुसऱ्याचं कुलूप कापण्याआधी त्याला तीनदा हाक मारायची. तो आवारात नाही याची खात्री करायची. युसुफ!"

अंगणात वाऱ्याने ताडपत्रीचे टोक तेवढे हलले. त्यांनी तिसरी हाक मारली. आणि स्वयंपाकघराचे दार उघडले.

दारात मैमुना उभी होती, घरच्या त्या थोरल्या मुलाची म्हातारी आई. लग्नानंतरची काही वर्षे ती मुंबईत राहिली होती. हिंदी तिला तेव्हापासून येई.

"कौन बुलाता है उसको?"

"माफ करना, अम्मा. कुलूप काटना है, इसलिए."

ती आत गेली नाही. पायरीवर बसली. राजाभाऊंनी कुलूप कापले, बिल्ला खिशात ठेवला, व्हॉल्व्ह बंद केला, सगळे नळ आवळले आणि कॉम्प्रेसरने हवा भरली. दाबाचा काटा तीसवर आणून त्यांनी घड्याळ पाहिले. कुठे गळती असती तर पाव तासात काटा उतरला असता. काटा हलला नाही.

"एकही पाइप फुटलेला नाही," राजाभाऊ म्हणाले, आणि तेच त्यांनी म्हातारीला हिंदीत सांगितले. "नळ गोठलेच नव्हते, अम्मा. त्याने काम नीट केलं होतं."

"मालूम है."

"मग शेगडी?"

मैमुनाने ओढणी तोंडावर ओढून घेतली. "मैंने दिया. वो सामने सीट पर सोता था. उसका दाँत बजता था, मेरे को पीछे सुनाई देता था. मैंने अपना शेगडी दिया, और दरवाज़ा बंद किया. मैं औरत पीछे सोती हूँ, तो बीच का दरवाज़ा बंद होना चाहिए न? सुबह बेटे ने बोला, अम्मा, तू चुप रह."

रामेश्वर गाडीच्या केबिनकडे पाहत राहिला. काचेतून ड्रायव्हरची सीट दिसत होती, मागे ढकलली तरी पाय न पसरता येणारी.

राजाभाऊंनी हवा सोडली. व्हॉल्व्ह उघडला. नळांच्या वाकांमध्ये न गोठणारे गुलाबी द्रावण ओतले, पत्रा लावला, सातही स्क्रू आवळले. काम संपले होते. हात मात्र कापडाने पुसणे संपेना.

"अम्मा, ये किधर सोएगा?" त्यांनी रामेश्वरकडे बोट केले.

तिने गाडीकडे पाहिले. तुरैफला तिची धाकटी बहीण होती, गेला महिनाभर अंथरुणाला खिळलेली. घरचे पुरुष या गाडीने शिकारीला जात असले तरी म्हातारी तिच्यासाठीच जात असे.

"पीछे," ती शेवटी म्हणाली. "मर्द लोग के साथ. दरवाज़ा खुला रहेगा."

"और आप?"

मैमुना भिंतीचा आधार घेऊन उठली आणि आत गेली. थोरल्या मुलाला उठवतानाचा तिचा आवाज अंगणापर्यंत येत होता. तो काहीतरी ओरडला. ती ओरडली नाही, पण थांबलीही नाही.

शनिवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा मैमुना स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी होती. गाडीत झोपायच्या जागा चार, माणसे रामेश्वर धरून चार.