काचपट्टीवरचा गुलाबी रंग

मित्रांनो, लखनऊच्या एका प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या टोपड्याखाली बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. २००९ साली प्रयोगशाळेच्या प्रमुख नयनाताईंनी मला खोक्यातून काढलं आणि कामाला लावलं.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला, की कधीकधी शरीराचे रक्षकच बेभान होतात. पांढऱ्या पेशी यकृतात गर्दी करतात, त्याला सूज येते. ही सूज प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या, औषधाने उतरते का, हे नयनाताईंची पीएचडीची विद्यार्थिनी मुक्ता उंदरांवर पाहत होती. यकृताचा पातळ काप रंगवून ती काचपट्टी माझ्याखाली ठेवायची आणि पेशी मोजायची. पट्टी औषध दिलेल्या उंदराची की न दिलेल्या, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. म्हणून मदतनीस दत्तूभैया नावं झाकून नुसते आकडे चिकटवायचे.

चार वर्षांनी उत्तर आलं : औषधाने सूज निम्म्याने कमी! प्रबंध द्यायला महिना उरला होता. आनंदाच्या भरात मुक्ताने एक पट्टी खिडकीकडे धरली. ‘‘ताई, ही बघा, औषधवाली.’’

‘‘नुसत्या डोळ्यांनी? बरं, ही?’’

‘‘बिनाऔषधाची.’’

अशा आठ पट्ट्या झाल्यावर दत्तूभैयांनी यादी पाहिली. आठच्या आठ बरोबर.

मुक्ताचा चेहरा उतरला. औषधाच्या पट्ट्या तिने सोमवारी रंगवल्या होत्या, बाकीच्या गुरुवारी. सोमवारचा गुलाबी फिका होता. डोळा रंग ओळखत होता आणि मोजताना मन हव्या त्या उत्तराकडे झुकत होतं.

‘‘ताई, फरक तो है ना? थोडा कमी असेल, बस.’’

‘‘किती कमी, ते ठाऊक आहे तुला? उद्या या आकड्यावर एखादा डॉक्टर भरवसा ठेवेल.’’

मुक्ताने प्रबंधाची तारीख पुढे ढकलली. मेणात जपलेल्या यकृतांचे नवे काप तिने एकाच दिवशी, सगळे मिसळून रंगवले. तीन आठवडे ती माझ्यावर वाकून मोजत राहिली. सूज उतरली होती, पण फक्त पाचव्या हिश्श्याने.

‘‘बिटिया, कम तो हुआ!’’ दत्तूभैया म्हणाले.

‘‘हाँ भैया, इतनाच.’’ डोळे पुसून तिने तो लहान आकडा प्रबंधात लिहिला.

पुढे कॅमेऱ्याचं नवं यंत्र आलं. माझ्या भिंगांवर आता बुरशीचे ठिपके धरलेत. मित्रांनो, अधूनमधून मऊ कागदाने ती पुसा, एवढी विनंती. आणि माझ्यातून पाहाल तेव्हा समोर आहे तेवढंच मोजा. हवं तसं दाखवायला मला कधीच जमलं नाही.